गुरुसिद्धाची चन्नम्मा

शिरोळकडच्या गावांत अनोळखी पोर दिसली, की कट्ट्यावरची म्हातारी माणसं दोनच प्रश्न विचारतात. "नाव काय गं तुझं?" आणि "कुणाची तू?" नुसत्या नावानं भागत नाही. एका नावाच्या पोरी गावात ढीगभर असतात. कुणाची ते कळलं, की म्हातारीचा चेहरा खुलतो, "व्हय व्हय, त्येची व्हय!" म्हणत ती सरकून जागा करते आणि पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवते. चन्नम्माला बोलता यायला लागलं तेव्हापासून हे उत्तर पाठ होतं. "चन्नम्मा. गुरुसिद्धाची." एका दमात सांगायची आणि गुळासाठी हात पुढं करायची.

गुरुसिद्ध म्हणजे तिचा बाप. कृष्णेच्या काठच्या गावात त्याचं भुसार मालाचं छोटं दुकान होतं. लिंगायत घर, घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि माणूस चिडला की दोन्ही एकदम. पोर रांगत होती तेव्हाच बायको गेली. दुसरं लग्न कर म्हणून पाहुण्यारावळ्यांनी उंबरा झिजवला, पण गडी बधला नाही. "मला आई हाय की घरात," असं म्हणायचा आणि त्या रांगणाऱ्या पोरीकडं बोट दाखवायचा. चन्नम्मा हे त्याच्या आईचं नाव. आई गेली त्या वर्षीच पोर झाली, म्हणून त्यानं तेच ठेवलं होतं. हाक मारायचा ती चन्नव्वा म्हणून, आणि लाडात आला की नुसतं अव्वा, म्हणजे आई. बाजारच्या दिवशी भरल्या दुकानात हा मिशीवाला माणूस परकरातल्या पोरीला "अव्वा, पाणी दे गं" म्हणायचा तेव्हा परगावचं गिऱ्हाईक हसायचं. गुरुसिद्धाला त्याचं काही नव्हतं.

पुढं या नावाचं काय झालं तेच सांगायचं आहे. आणि आधीच बजावून ठेवलेलं बरं. कुणी तिला काहीही नाव दिलेलं असो, त्याचे कितीही कागद झालेले असोत, इथं तिला चन्नम्माच म्हटलं जाईल. कुणाला खटकलं तर खटकू दे.

चन्नम्मा कोल्हापुरात वसतिगृहात राहून बी.कॉम. झाली, वर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि शाहूपुरीतल्या एका सहकारी संघाच्या कचेरीत लागली. खतं-बियाणी विकणारा संघ, तालुक्यातालुक्यांत शाखा. नव्वद साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचे ते दिवस. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालून पुढं नारळ फोडायचा, आणि नारळाचं पाणी यंत्रावर उडालं म्हणून शिपायाला शिव्या खायला लागायच्या. संघानं चार-पाच यंत्रं तारेनं एकमेकांना जोडून घेतली. मधलं मोठं यंत्र मॅनेजर अमरसिंह साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये बसवलं, आणि त्याला थंडावा हवा म्हणून तिथं एसी आला. यंत्राच्या नावावर साहेब गार झाले.

यंत्रं जोडायला पुण्याचा इंजिनिअर आला होता. त्यानं सगळ्यांना उभं करून समजावलं. यंत्र सुरू केलं की काळ्या पडद्यावर ते आधी तुमचं नाव विचारणार. मग पासवर्ड. नाव चारचौघांना माहीत असतं, पासवर्ड हे तुमचं एकट्याचं गुपित. दोन्ही जुळलं तर ते आत घेणार, नाहीतर दारात उभं करणार. तोंड बघून माणूस ओळखायची अक्कल त्याला नाही.

गुपित ठेवा म्हटल्यावर अख्ख्या कचेरीनं काय ठेवावं? अंबाबाई! झाडून सगळ्यांनी. कुणी म्हणे देवीचं नाव घेतल्याशिवाय कामाला हात कसा लावायचा. सगळ्यांचं गुपित सगळ्यांना ठाऊक. इंजिनिअरनं कपाळावर हात मारून घेतला आणि पुण्याची गाडी पकडली.

चन्नम्माला मात्र हे दोन प्रश्न ऐकून हसू आलं होतं. कट्ट्यावरची म्हातारीच कुणीतरी या डब्यात आणून बसवली आहे, असं तिला वाटलं. नावाच्या जागी तिनं इंग्रजी अक्षरांत चन्नम्मा लिहिलं आणि गुपिताच्या जागी गुरुसिद्ध. नाव काय? चन्नम्मा. कुणाची? गुरुसिद्धाची. यंत्रानं तिला आत घेतलं. गुळाचा खडा तेवढा दिला नाही.

मग यथावकाश स्थळ आलं. मुलगा सोमेश, उद्यमनगरात मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. सरळ माणूस, घरातलेही सरळ, सुनेनं नोकरी केली तर चालेल म्हणणारे. गुरुसिद्धानं दणक्यात लग्न लावून दिलं. वरात कोल्हापूरला आली, चन्नम्मानं माप ओलांडलं, आणि देवघरापुढं ताटात तांदूळ पसरून ठेवलेले तिनं पाहिले. सोमेशनं बोटातली अंगठी काढली आणि त्या तांदळांत नाव लिहिलं. शांभवी. बायका वाकून वाकून बघायला लागल्या, कुणी हिला उखाणा घ्यायला लावला, पेढे वाटले गेले. "आधीचं लई जुन्या वळणाचं वाटतंय, आन् कानडी बी," सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. त्यांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. सोमेशच्याही नव्हतं. त्यानं महिनाभर विचार करून ते नाव निवडलं होतं आणि बायको खूश होईल अशी त्याची खात्री होती. सगळं कसं चांगल्या माणसांनी केलेलं.

चन्नम्माला त्या तांदळांवरून हात फिरवावासा वाटला. एकदाच, आडवा. पण नव्या नवरीनं असलं काही करायचं नसतं. तिनं मान खाली घातली, आणि तेव्हा घातलेली ती मान तिला फार महागात पडली.

गुरुसिद्ध तिथं नव्हता. लेकीची पाठवणी करून बाप मांडवातूनच मागं फिरतो. आपल्या पोरीचं नाव बदललं हे त्याला ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा कळलं. नाव ज्यानं ठेवलं त्याला विचारायचं असतं, हे आपल्याकडं कुणाच्या डोक्यातच येत नाही. तो तराजूत डाळ घालत होता. "शांभवी," त्यानं एकदा म्हणून पाहिलं. "बरं हाय की. देवीचंच नाव हाय." मग डाळ जोखली, पुडी बांधली, गिऱ्हाइकाला दिली. लेकीचं नाव गेलंच, पण त्याच्या आईचंही गेलं.

सोमेशनं नवं नाव रीतसर राजपत्रात छापून आणलं. रेशन कार्ड, बँक, संघाची हजेरी, पगारपत्रक, सगळीकडं शांभवी झालं. रजा संपवून ती कचेरीत आली तेव्हा साहेबांनी सगळ्यांना बोलावून पेढे दिले आणि म्हणाले, "आजपासनं शांभवी मॅडम म्हणायचं बरं का!" सगळ्यांनी माना डोलावल्या. चन्नम्मा यंत्रापुढं बसली. पडद्यानं नाव विचारलं. आज्ञाधारक नवी नवरी ती. तिनं शांभवी लिहिलं.

यंत्रानं कूं केलं. अशा नावाचं कुणी नाही.

तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मग इकडंतिकडं बघून तिनं चोरासारखं चन्नम्मा लिहिलं, खाली बापाचं नाव, आणि यंत्रानं तिला झटक्यात आत घेतलं. वरच्या कोपऱ्यात नाव उमटलं, चन्नम्मा. तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. त्या डब्याला सांगायचं तेवढं सगळे विसरले होते. तिनंही कुणाला आठवण करून दिली नाही.

वर्षं अशी गेली. जुनी माणसं निवृत्त झाली, कुणी शाखांवर बदलून गेली. तिला चन्नम्मा म्हणून ओळखणारं कचेरीत एक साहेब सोडले तर कुणी उरलं नाही, आणि साहेबांच्याही तोंडात शांभवी पक्कं बसलं. घरी तर काय, आधीचं नाव घेतलं की सासूबाई जीभ चावायला लावायच्या. तिच्या पोरीला आईचं माहेरचं नाव माहीत नव्हतं. रोज सकाळी काळ्या पडद्यासमोर मात्र तो प्रश्न यायचा, ती उत्तर द्यायची, आणि कुणीतरी तिला ओळखायचं. दिवसातलं तेवढं एकच काम ती मन लावून करायची असं म्हटलं तरी चालेल.

गुरुसिद्ध लेकीच्या घरी फारसा जात नसे. तिथं "शांभवी, पाणी आण" अशी हाक ऐकायला लागायची आणि त्याच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. एकदा तो शेंगांचं पोतं आणि काकवीची बरणी घेऊन सरळ कचेरीतच आला. जेवणाची सुट्टी होती, फाटकावर ती स्वतःच उभी होती, आणि कॉम्प्युटरच्या खोलीत चिटपाखरू नव्हतं. दाराशी वहाणा काढून तो आत आला, फेटा सावरून तिच्या शेजारी खुर्चीवर बसला.

"ह्ये काय इचारतंय?"

"नाव इचारतंय, अप्पा."

"मग सांग की त्येला."

तिनं एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत चन्नम्मा लिहिलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण तो प्रत्येक अक्षराला मान डोलवत होता.

"आता?"

"आता इचारतंय, कुणाची?"

गुरुसिद्धानं तिच्याकडं पाहिलं. तिनं बापाचं नाव बोटांनी लिहिलं. पडद्यावर काही दिसलं नाही.

"माझं नाव दिसंना ते?"

"ते गुपित असतंय अप्पा. मला आन् ह्येला, दोघांनाच ठावं."

यंत्रानं आत घेतलं. गुरुसिद्ध हळूच, कुणी ऐकेल की काय अशा बेतानं म्हणाला, "आन् शांभवी म्हणून सांगितलं तर?"

तिनं यंत्रातून बाहेर येऊन तसं लिहिलं. यंत्रानं कूं केलं. "म्हणतंय, अशी कोण न्हाय," तिनं सांगितलं, आणि गुरुसिद्ध जो हसत सुटला! मांडीवर थापा मारत, ठसका लागेपर्यंत. साहेबांनी केबिनची काच सरकवून पाहिलं. "ह्या डब्ब्याला तरी अक्कल हाय गं अव्वा!" फेट्याच्या शेमल्यानं त्यानं डोळे पुसले, आणि ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं. फाटकाशी निरोप घेताना तो म्हणाला, "हापिसात तरी चन्नम्माच हाईस. बास झालं. मला तेवढं लई हाय."

तेव्हा तिनं सांगायला हवं होतं. अप्पा, नुसता तो डबा तसं म्हणतो. बाकी शिपायापासून चहावाल्यापर्यंत सगळे शांभवीच म्हणतात. ओठावर आलंही होतं. पण इतक्या वर्षांनी बापाला असं हसताना बघितलं होतं, त्याच्या तोंडचा घास कुठं काढून घ्यायचा? ती गप्प बसली. आणि गुरुसिद्धानं गावभर करून सांगितलं, "हापिसात नाव चन्नम्माच हाय. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय."

दोन हजार साल उलटून गेलं होतं. उसाचा हंगाम होता. सकाळी दुकान उघडता उघडता गुरुसिद्धाच्या छातीत कळ आली. ज्ञानू म्हणून त्याचा दुकानातला जुना माणूस होता. त्यानं त्याला जीपमध्ये घातलं आणि उसाच्या ट्रॉल्यांना बाजू देत, ओलांडत, कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. गुरुसिद्ध शुद्धीवर होता. त्यानं ज्ञानूचा हात धरला आणि एवढंच म्हणाला, "चन्नव्वाला बोलव. तिच्या हापिसात फोन लाव." नंबर त्याच्या खिशात होता. सोमेशच्या घरचा नंबर नव्हता, आणि लेकीचं सासरचं नाव तर गुरुसिद्धाच्या दुकानात कुणी उच्चारत नसे. ज्ञानूला ते धड ठाऊकही नव्हतं.

दवाखान्यासमोरच्या बूथवरून ज्ञानूनं फोन केला. संघात फोनच्या टेबलावर आकाराम होता. बिद्रीच्या शाखेतून नुकताच बदलून आलेला, पोक्त, भला माणूस.

"चन्नम्माला बोलवा वो जरा. अर्जंट हाय. वडील दवाखान्यात हाईत तिचे."

"कोण चन्नम्मा?"

"चन्नम्मा वो. गुरुसिद्धाची. तुमच्यात कामाला हाय."

आकारामनं शेजारच्या दोघांना विचारलं. तेही नवेच. त्यांनी खांदे उडवले. साहेब शाखांच्या फेरीवर गेलेले. माणूस दवाखान्यात आहे म्हटल्यावर आकारामनं कंटाळा केला नाही, उठून हजेरी आणली आणि वरून खालपर्यंत बघितली. "न्हाय वो पावणं. चन्नम्मा म्हणून हितं कोण न्हाय."

"आसंल की वो! म्हाताऱ्यानं सोता बघितलंय. हापिसात नाव चन्नम्माच हाय म्हणतोय त्यो."

"हजेरी समोर घेऊन बसलोय पावणं. असती तर म्या बोलवली नसती काय? दुसरा कुठला संघ असंल. थांबा, नंबर देतो." आणि त्यानं खरोखर दुसऱ्या एका संघाचा नंबर शोधून दिला. ज्ञानूनं तिथंही फोन केला. तिथंही अशी कुणी नव्हती.

आकारामच्या टेबलापासून भिंतीपलीकडं चन्नम्मा बसली होती. युरियाची आवक टाकत होती. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तिचं नाव होतं.

ज्ञानू परत आला. त्याच्या अंगात चार गोष्टी रचून सांगायचं बळ कधीच नव्हतं. "काका," तो म्हणाला, "त्ये म्हणत्यात, चन्नम्मा म्हणून तिथं कोण न्हाय."

गुरुसिद्ध त्याच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तिथंबी न्हाय?" आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. दुपार कलायच्या आत तो गेला.

उद्यमनगरात सोमेशचं दुकान विचारत विचारत ज्ञानू संध्याकाळी घरी पोचला तेव्हा चन्नम्मा कामावरून नुकतीच आली होती. त्यानं दारातच सगळं सांगितलं. फोन केला तेही, आणि तिकडून काय म्हणाले तेही, आणि शेवटी काका काय म्हणाले तेही. चन्नम्मा उंबऱ्यावर बसली. शाहूपुरीतून दवाखान्यात रिक्षानं कितीसा वेळ लागतो? हाकेच्या अंतरावर बाप तिला हाक मारत होता आणि तिच्याच कचेरीतून उत्तर गेलं होतं की अशी कुणी नाही. बाप मरतात. सगळ्यांचेच मरतात. पण आपली लेक कुठंच उरली नाही असं समजून मरावं, असं त्या माणसानं कुणाचं काय केलं होतं? तिच्या काळजाचे तुकडे झाले. सोमेश तिच्या पाठीवरून हात फिरवत "शांभवी, शांभवी" म्हणत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याचा हात झटकून टाकला.

ती पुन्हा कामावर आली तेव्हा आकारामला सगळं कळलेलं होतं. तो तिच्यापुढं येऊन उभा राहिला, हात जोडून. "मॅडम, मला ठावं नव्हतं वो. देवाशपथ ठावं नव्हतं."

"तुमचं काय चुकलं? तुम्ही खरं तेच सांगितलंसा," ती म्हणाली.

तिनं मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं, असं आकाराम पुढं कित्येक दिवस म्हणायचा.

मग ती यंत्रापुढं बसली. नाव काय? चन्नम्मा. कुणाची? गुरुसिद्धाची. घेतलं आत. तिनं कीबोर्डवर कपाळ टेकलं आणि रडली, आणि बटणं दाबली गेल्यामुळं ते यंत्र एकसारखं कूं कूं करत राहिलं. कुणी तिला उठवायला गेलं नाही.

एका दुपारी सासूबाई आणि ती तांदूळ निवडत बसल्या होत्या. चन्नम्मानं सहज विचारलं, "आत्ती, तुमचं माहेरचं नाव काय वो?"

"माझं?" सासूबाईंना आठवायला वेळ लागला. "झुंबर. बाबा झुंबी म्हणायचे." त्या जरा हसल्या. "आता त्या नावानं कोण हाक मारली, तर म्या मागं वळून बी बघायची न्हाय." भाजीचा भाव सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या. चन्नम्माच्या अंगावर काटा आला. वळून बघणार नाही! बाप तर गेला, त्याच्या तोंडची हाक गेली. आता तो काळा पडदा तेवढा राहिला होता रोज विचारणारा. तोही गेला तर आपणही एक दिवस अशाच तांदूळ निवडत बसू आणि आठवायला वेळ लागेल, ही भीती तिच्या मनात घर करून बसली.

आणि तो दिवस आलाच. संघानं सगळ्या शाखा एका जाळ्यात जोडायच्या ठरवल्या. नवी यंत्रं आली, रंगीत पडदे आले, नवा इंजिनिअर आला. तरुण, लाघवी पोरगा. त्यानं जुन्या यंत्रातली नावं आणि पगारपत्रक शेजारी शेजारी ठेवून पडताळायला घेतलं. सगळे भोवती उभे होते.

"ही चन्नम्मा कोण?" त्यानं विचारलं. "पगारपत्रकात नाही. नोकरी सोडून गेलेली दिसते. अशी मेलेली खाती ठेवायची नसतात, त्या नावानं भलताच कुणी आत शिरतो. काढून टाकतो."

मग मागून आकारामचा आवाज आला, नको इतका मोठा. "हाय की! चन्नम्मा हाय. ती काय, तिथं उभी हाय!"

चन्नम्मा पुढं झाली. "मीच," ती म्हणाली.

"मग शांभवी कोण?"

"ती बी मीच."

कुणीतरी फिसकन हसलं. इंजिनिअर हसला नाही. "एका माणसाला एकच नाव ठेवता येतं, मॅडम. सांगा, कुठलं ठेवू?"

किती साधा प्रश्न! तांदूळ पसरले तेव्हा कुणी विचारला नव्हता, राजपत्रात छापलं तेव्हा नाही, पेढे वाटले तेव्हा नाही. "चन्नम्मा ठेवा," ती म्हणाली. क्षणाचाही विचार तिला करायला लागला नाही. "शांभवी काढा."

"अहो, असं कसं?" अमरसिंह साहेब मध्ये पडले. "पगार शांभवीच्या नावानं निघतो. उद्या ऑडिटवाला माझी मानगूट धरंल. शांभवी ठेवा हो तुम्ही. मॅडम, कामाच्या वेळी मन हळवं करून चालत न्हाय." साहेबांचंही बरोबरच होतं. या गोष्टीत सगळ्यांचं बरोबरच आहे. इंजिनिअरनं तिच्याकडं ओशाळून बघितलं. यंत्रानं त्याला विचारलं, खरंच काढायचं? त्यानं होय म्हटलं. त्या ओळीतून चन्नम्मा गेली आणि खालची नावं एकेक पायरी वर सरकली.

मग प्रत्येकानं नवा पासवर्ड ठेवायचा होता. जुने चालणार नव्हते. "अंबाबाई ठेवू नका," इंजिनिअर म्हणाला. "ते अख्ख्या कोल्हापूरला ठाऊक आहे. आणि स्वतःचं नाव टाकू नका. टाकलंत तरी यंत्र घेणार नाही. तुमचं नाव ते बरोबर ओळखतं." आकारामचा विश्वास बसेना. त्यानं मुद्दाम आकाराम लिहून पाहिलं. यंत्रानं लाल पाटी दाखवली: हे तुमचंच नाव आहे, दुसरं काही निवडा. "आयला, वळाखलं की!" आकाराम ओरडला आणि सगळे हसले.

चन्नम्माची पाळी आली. वर नाव आधीच लिहून ठेवलेलं होतं, शांभवी. खाली गुपिताची जागा मोकळी. तिची बोटं सवयीनं बापाच्या नावाकडं गेली आणि थांबली. तिला ती लाल पाटी आठवली. मग तिनं एकेक अक्षर जपून लिहिलं. चन्नम्मा. पडद्यावर नुसते ठिपके उमटले.

तिनं बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. नको घेऊस, ती मनातल्या मनात त्या डब्याला विनवत होती. एकदाच नको म्हण. हे तुझंच नाव हाय बाई, दुसरं शोध, एवढं म्हण. मला दारात उभं कर, दिवसभर उभं कर, पण वळख.

डोळे उघडले तेव्हा लाल पाटी नव्हती. यंत्रानं तिला निमूट आत घेतलं होतं, आणि वर लिहिलं होतं, स्वागत, शांभवी.

"घेतलं काय वो मॅडम?" आकारामनं लांबून विचारलं.

"घेतलं की," चन्नम्मा म्हणाली. सगळ्यांसमोर तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि या खेपेला तिनं मान खाली घातली नाही. "माझं नाव न्हवं ते, म्हणून घेतलं."